गालावरचा तीळ आणि एका बारामतीकराचा लेझर

पुण्यात बाणेर रस्त्याने जा नाहीतर कोल्हापुरात राजारामपुरीत फिरा, पहिल्या मजल्यावरची एखादी तरी पाटी सांगत असतेच: ‘तीळ, चामखीळ, वांग, नको असलेले केस – लेझरने कायमचे घालवा’. शेजारी कुठल्यातरी परदेशी बाईचा गुळगुळीत गाल. ही पाटी आता तालुक्याच्या गावांतही पोचली आहे. ‘लेझर’ या शब्दाचा आपल्यावर एक वेगळाच प्रभाव आहे. कापणं म्हटलं की पोटात गोळा येतो, जाळणं म्हटलं की अंगावर काटा येतो. लेझर म्हटलं की वाटतं, काहीतरी स्वच्छ, थंड, प्रकाशाचं काम असणार. ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये जायचं आणि तीळ तिथेच सोडून परत यायचं.

वर आलेला तीळ काढायला जी लेझर-यंत्रं जगभर वापरतात, त्यांतलं सगळ्यांत जुनं आणि अजूनही टिकून असलेलं म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. सोड्याच्या बाटलीतला वायू तोच हा. आणि हा लेझर शोधून काढणारा माणूस बारामतीत जन्मला होता.

चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म १९३८. पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ मध्ये टेलिकम्युनिकेशनची पदवी, मग स्टॅनफर्ड, १९६१ मध्ये डॉक्टरेट, आणि त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये नोकरी. १९६४ मध्ये त्यांचा कार्बन डायऑक्साइड लेझरवरचा शोधनिबंध छापून आला तेव्हा ते पंचविशी-सव्विशीत होते. मीही साधारण त्याच विषयाची पदवी घेतली आहे. आमच्या वेळेपर्यंत तिच्या नावात ‘इलेक्ट्रॉनिक्स’ही आलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी एका ॲपमधलं ‘पासवर्ड विसरलात?’ हे पान सांभाळते. असो. सांगायचं इतकंच की आम्हाला लेझरवर एक अख्खं प्रकरण होतं, त्यावर हमखास आठ मार्कांचा प्रश्न यायचा, आणि त्या चार वर्षांत बारामतीचं नाव एकदाही कुणी काढलं नाही.

पण पटेलांकडे यायच्या आधी बरंच मागे जावं लागेल, कारण तीळ जाळून काढायची कल्पना लेझरपेक्षा फारच जुनी आहे.

सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांचा एक अध्याय आहे. क्षुद्र म्हणजे किरकोळ. जिवावर न बेतणारी, पण माणसाला छळणारी दुखणी. त्यात त्वचेवरच्या डागांची वर्गवारी अशी केलेली आहे की वाचताना गंमत वाटते. काळा, तिळाएवढा, न दुखणारा, त्वचेच्या पातळीतच असलेला तो ‘तिलकालक’. उडदासारखा वर आलेला तो ‘मषक’. म्हणजे मोजपट्टी धान्याची. हिंदीतला ‘मस्सा’ मषकाच्याच घरातला, आणि आपण तर अजून ‘तीळ’च म्हणतो. उपचारही सांगितला आहे: आधी खरवडायचं आणि मग क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळायचं.

यातला ‘हळूहळू’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. जाळणं कुणालाही जमतं. किती जाळायचं आणि कुठे थांबायचं, हा खरा प्रश्न. आपल्या आज्यांच्या काळात तिळावर चुना आणि पापडखार लावायचे. क्षारकर्माचा तो घरगुती अवतार. तीळ जायचा, पण सोबत आजूबाजूची कातडीही जायची आणि गालावर कायमचा खड्डा राहायचा. १९२६ मध्ये बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग या मेंदूच्या सर्जनने विल्यम बोव्ही यांचं विजेवर चालणारं यंत्र पहिल्यांदा शस्त्रक्रियेत वापरलं. आज त्वचेच्या दवाखान्यांत दिसणारी विजेची सुई ही त्याच घराण्यातली. तिने काम पुष्कळ आटोक्यात आणलं. तरी अंदाज डॉक्टरच्या हाताचा.

मग आला लेझर, आणि तो तीळ काढायला आलेला नव्हताच.

१६ मे १९६०. कॅलिफोर्नियात मालिबूच्या ह्यूज रिसर्च लॅबोरेटरीजमध्ये थिओडोर मेमन यांनी बोटाच्या पेराएवढा कृत्रिम माणकाचा दांडा घेतला, त्याभोवती फोटोग्राफरच्या फ्लॅशसारखा नागमोडी दिवा गुंडाळला आणि दिवा पेटवला. त्यातून ६९४ नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश बाहेर पडला. जगातला हा पहिला लेझर. यामागचं तत्त्व आइनस्टाइनने १९१७ च्या सुमारास मांडलं होतं. ते कागदावरून टेबलावर यायला चार दशकं गेली. मेमन यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ने परत पाठवला, म्हणून तो ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये आला. मेमन यांचा मदतनीस थट्टेने म्हणायचा की हे उत्तर आता प्रश्न शोधत फिरतंय.

प्रश्न घेऊन जे लोक पुढे आले त्यांत लिऑन गोल्डमन हे एक होते. सिनसिनाटीतले त्वचारोगतज्ज्ञ, वय पंचावन्नच्या पुढे. म्हणजे ज्या वयात माणसं नवा मोबाइल घ्यायलाही कंटाळतात, त्या वयात त्यांनी १९६१ मध्ये लेझरची प्रयोगशाळा काढली. त्वचेच्या डॉक्टरला एक मोठी सोय असते: त्याचा अवयव बाहेरच असतो. यकृतावर लेझर मारायचा तर पोट उघडावं लागेल, कातडीवर मारायचा तर फक्त बाही वर करायची. गोल्डमन यांनी रूबी लेझरचे झटके त्वचेवर मारून पाहिले आणि १९६३ मध्ये निष्कर्ष छापले. काळे केस आणि रंगीत डाग भाजत होते, शेजारची गोरी त्वचा जवळजवळ तशीच राहत होती. लाल प्रकाश मेलानिनमध्ये, म्हणजे आपल्या त्वचेच्या काळ्या-तपकिरी रंगद्रव्यात मुरत होता. गोंदणावर, तिळांवर, अगदी मेलानोमा या जीवघेण्या कर्करोगाच्या गाठींवरही त्या दशकात रूबी लेझरचे प्रयोग झाले.

याच गोल्डमन यांचं एक वाक्य लेझर वापरणाऱ्या डॉक्टरांच्या वर्तुळात आजही सांगितलं जातं. लेझरची गरज नसेल तर लेझर वापरू नका, असा त्याचा अर्थ. लेझर-वैद्यकाचा जनक म्हणून ज्याला ओळखतात, त्या माणसाचं हे म्हणणं. वरच्या पाट्यांवर मला ते कुठे दिसलं नाही.

आता पटेल. बेल लॅब्समध्ये त्या काळी प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पदार्थातून लेझर काढायच्या मागे होता. हीलियम-निऑन वायूंचा लेझर तिथेच १९६० च्या डिसेंबरात तयार झाला होता. करणारे होते तेहरानमध्ये जन्मलेले अली जावन. हे सगळे लेझर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांवर चालत. पटेल यांनी अणू सोडून रेणू घेतला. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे मधे कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन. तो सतत थरथरतो, ताणतो, वाकतो. या थरथरण्याच्या पायऱ्यांमधून प्रकाश काढता येईल, हा पटेलांचा विचार. पुढे त्यांनी त्यात नायट्रोजन मिसळला. विजेने नायट्रोजनचे रेणू थरथरू लागतात, कार्बन डायऑक्साइडवर जाऊन आदळतात आणि आपली ऊर्जा त्याला देऊन टाकतात. कॅरममध्ये स्ट्रायकर थांबतो आणि सोंगटी सुटते, तसं. दोघांच्या ऊर्जेच्या पायऱ्या जवळजवळ सारख्या उंचीच्या निघाल्या, हे निसर्गाचं देणं. ते ओळखणं हे पटेलांचं.

बाहेर पडणारा प्रकाश १०.६ मायक्रॉनचा. डोळ्याला न दिसणारा, अवरक्त. आणि या लांबीच्या प्रकाशाची एक खोड आहे: तो पाण्यात अडकतो. माणसाची त्वचा बव्हंशी पाणीच. त्यामुळे हा किरण त्वचेवर पडला की वरच्या अगदी पातळ थरातच संपतो, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि तो थर उडून जातो. मग पुढचा थर. मग पुढचा. सुश्रुतसंहितेतलं ‘हळूहळू’ इथे मायक्रॉनमध्ये मोजता यायला लागलं.

या यंत्राबद्दल इंजिनिअर म्हणून मला आवडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, तुम्हाला गालावर जो लाल ठिपका दिसतो तो तीळ जाळत नाही. जाळणारा किरण अदृश्य असल्यामुळे तो कुठे पडणार हे दाखवायला एक साधा लाल प्रकाश त्याच्या सोबत सोडलेला असतो. दोन, इंटरनेट ज्या काचेच्या तंतूंमधून येतं त्यांतून १०.६ मायक्रॉनचा प्रकाश जातच नाही, काच तो गिळून टाकते. म्हणून या यंत्राला खेकड्याच्या नांगीसारखा सांधेवाला हात असतो आणि प्रत्येक सांध्यात एक आरसा. प्रकाश आरशांवरून उड्या मारत डॉक्टरच्या हातातल्या पेनपर्यंत येतो.

पटेलांच्या डोक्यात शस्त्रक्रिया नव्हती. ती आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे इस्रायलमधले प्लास्टिक सर्जन आयझॅक कॅप्लान. त्यांनी उझी शेरॉन या इंजिनिअरबरोबर १९७०च्या दशकात ऑपरेशनच्या टेबलाजवळ ठेवता येईल असं कार्बन डायऑक्साइड लेझरचं यंत्र उभं केलं. दोघांची आडनावं जोडून त्याचं नाव पडलं शार्पलॅन. किरण एका बिंदूत गोळा केला की सुरीसारखा कापतो आणि बारीक रक्तवाहिन्याही बंद करत जातो. थोडा पसरवला की खरवडतो. बॉस्टनमध्ये याच सुमारास स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियांत तो वापरात आला. १९९०च्या दशकात सुरकुत्यांवर त्याचा सुळसुळाट झाला, ती वेगळीच कथा.

*

गोल्डमन यांचा रूबी लेझर रंग शोधणारा होता, पटेलांचा रंगाकडे ढुंकूनही न पाहणारा. तिळाच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. रंग शोधणाऱ्या लेझरचं आकर्षण उघड आहे: आजूबाजूचं काही न बिघडवता नेमका डाग जाळायचा. पण सुरुवातीचे रूबीचे झटके साधारण मिलिसेकंदाचे असत, आणि तेवढ्या वेळात उष्णता शेजारी पसरे. व्रण राहत.

याचं उत्तर १९८३ मध्ये आलं. हार्वर्डच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. आजच्या सगळ्या लेझर-क्लिनिकांचा पाया तो आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्यातली कल्पना स्वयंपाकघरात कळते. फोडणीत मोहरी टाकली की क्षणात तडतडते, बटाटा टाकला तर तापायला वेळ लागतो. लहान वस्तू झटकन तापते आणि झटकन निवतेही. मेलानिनची पुडी जेमतेम मायक्रॉनभर असते, कधी त्याहून लहान; ती निवायला साधारण मायक्रोसेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागतो. मग झटकाच त्यापेक्षा छोटा द्या. पुडी फुटेल, आणि उष्णता शेजाऱ्याकडे पोचायच्या आत काम संपलेलं असेल. इतके छोटे झटके देणारी युक्ती, क्यू-स्विच, १९६१-६२ मध्येच ह्यूजमध्ये तयार झाली होती. प्रकाशाला आरशांच्या मधे कोंडून ठेवायचं आणि एकदम दार उघडायचं. काही नॅनोसेकंदांत सगळी ऊर्जा बाहेर. वीस वर्षं पडून असलेलं उत्तर आणि नवा प्रश्न यांची गाठ पडली.

आज्यांच्या हनुवटीवर, कपाळावर जी हिरवट गोंदणं असत, ती काढायला त्यांच्या नाती ज्या लेझरकडे जातात, तो हाच क्यू-स्विच. चपट्या डागांवरही तो वापरतात.

इथपर्यंतची गोष्ट वाचून कुणालाही वाटेल की प्रश्न सुटला. पण जो लेझर मेलानिन शोधतो, त्याच्यापुढे मुळात मेलानिनने भरलेली त्वचा आली तर?

१९७५ मध्ये हार्वर्डच्याच थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्वचेचे प्रकार पाडले. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा डोस किती द्यायचा, हे ठरवायला त्यांना एक सोपी पट्टी हवी होती: उन्हात गेल्यावर तुम्ही भाजता की रापता? त्यांनी चार प्रकार केले. चारही गोऱ्या त्वचेचे. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आज लेझरच्या प्रत्येक यंत्राची सेटिंग याच पट्टीवर लागते. आपण बहुतेक जण तिच्या उत्तरार्धात बसतो, म्हणजे जो भाग मागाहून जोडला तिथे. कागदावर ही तळटीप आहे, गालावर नाही. सावळ्या त्वचेत जखम झाली की रंगपेशी चवताळतात आणि जास्तीचा रंग ओततात; तीळ जातो आणि त्याच्या जागी महिनोन्महिने मोठा तपकिरी डाग बसतो. कधी उलट, पांढरा ठिपका राहतो. म्हणून आपल्याकडचे जाणते त्वचातज्ज्ञ ऊर्जा कमी ठेवतात, आधी लहान जागेवर करून बघतात, उन्हापासून जपायला सांगतात. पाटीवरच्या परदेशी गालाला यातलं काही लागत नाही.

*

तरीही डाग ही फार तर दिसण्याची गोष्ट. यापुढचं जे आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

तीळ म्हणजे काय, हे नीट कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. रंगपेशी सहसा त्वचेच्या तळाशी एकेकट्या, अंतर राखून राहतात. एखादीच्या ‘बीरॅफ’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि ती भराभर विभागू लागते. २००३ मध्ये दिसलं की बहुसंख्य साध्या तिळांत हा बदल असतो. तोच बदल मेलानोमाच्याही मोठ्या वाट्यात असतो. मग तुमच्या-माझ्या अंगावरचे हे दहावीस तीळ गप्प का बसतात? २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की या पेशींना एका टप्प्यावर आतूनच ब्रेक लागतो. त्या म्हाताऱ्या होऊन थांबतात. तीळ म्हणजे सुरू झालेली आणि वेळीच अडलेली एक वाढ. बहुतेकांच्या बाबतीत ती आयुष्यभर अडलेलीच राहते.

घाबरवायचा हेतू नाही. भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे, आणि जिथे जास्त आहे तिथेही बहुतेक मेलानोमा जुन्या तिळातून न येता नव्या जागी उगवतात. लेझरमुळे साध्या तिळाचा कर्करोग होतो, असंही सिद्ध झालेलं नाही. पण ‘सावळ्या माणसाला हे होत नाही’ हा समज खोटा आहे. सावळ्या लोकांत तो तळवे, तळहात, नखाखाली जास्त दिसतो. बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग फुटबॉलची दुखापत वाटला होता. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये ते गेले. वय ३६.

मुद्दा असा की साधा तीळ आणि तिळासारखा दिसणारा मेलानोमा यांतला फरक कधी कधी फक्त सूक्ष्मदर्शकाखाली कळतो. त्यासाठी तो तुकडा हवा. पात्याने तासून काढलेला तीळ बाटलीत जातो, तिथून पॅथॉलॉजिस्टकडे. लेझरने काढलेल्या तिळाची वाफ होते. माझ्या धंद्यात लॉग न ठेवता डेटा उडवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी मीटिंगला बोलावतात. इथे ग्राहक थँक्यू म्हणून पैसे देतो.

त्यात लेझर तीळ पुरता काढतोच असंही नाही. तिळाच्या वरच्या पेशींत रंग असतो, खोलवरच्या पेशी बऱ्याचदा बिनरंगी असतात. रंग शोधणाऱ्या लेझरला त्या दिसतच नाहीत. कार्बन डायऑक्साइडवाल्याने खोल जायचं तर खड्डा पडायची भीती, म्हणून तोही अलीकडेच थांबतो. खालच्या पेशी राहतात आणि काही महिन्यांनी व्रणातून वर येतात. या पुन्हा उगवलेल्या तिळाचं १९७५ मध्ये कॉर्नबर्ग आणि ॲकरमन या दोघांनी वर्णन केलं. व्रणात वाट काढत आल्यामुळे या पेशी वेड्यावाकड्या पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चक्क मेलानोमासारख्या दिसतात. त्यांनी त्याला नावच ‘स्यूडोमेलानोमा’ दिलं. खोटा मेलानोमा. तो खोटा आहे हे ठरवायचा उत्तम मार्ग म्हणजे पहिल्या वेळी काढलेल्या तिळाची काच काढून शेजारी ठेवणं.

माझ्या मावशीच्या बाबतीत ती काच नव्हती.

मावशीच्या डाव्या गालावर वाटाण्याच्या निम्म्याएवढा तीळ होता. तिच्या थोरल्याच्या लग्नाआधी तिने तो गावातल्या एका पार्लरमध्ये काढून घेतला. पाटी लेझरची होती. तिने जे वर्णन केलं त्यावरून यंत्र विजेच्या सुईचं असावं. पाच मिनिटं, जळक्या केसांसारखा वास, वरून मलम. लग्नाचे फोटो छान आले. सहा-सात महिन्यांनी त्याच जागी रंग परतला, पण पूर्वीसारखा गोल नाही. एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकट, कड तुटलेली. मी व्हिडिओ कॉलवर पाहिला आणि तिला पुण्याला बोलावून घेतलं.

त्वचातज्ज्ञ बाईंनी एक छोटं भिंग काढलं. डर्मोस्कोप म्हणतात त्याला: साधारण दहापट मोठं दाखवणारं, आतून उजेड असलेलं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं,

“काकू, हा आधी काढला होता ना? त्याचा रिपोर्ट आहे?”

“कसला रिपोर्ट?” मावशी म्हणाली. “त्याचा धूर झाला की हो.”

बाई हसल्या नाहीत. कडेची थोडी चांगली त्वचा घेऊन तो सगळा भाग कापून काढायचं ठरलं. दोनचार टाके. मावशीला वाईट एवढ्याचंच वाटलं की ज्या टाक्यांच्या भीतीने ती पार्लरमध्ये गेली, ते शेवटी पडलेच. मी मात्र त्या आठवड्यात रात्री दोन दोन वाजेपर्यंत फोनवर मेलानोमाचे फोटो बघत होते. असले फोटो रात्री दोनला बघू नयेत. सगळे तीळ तसेच दिसायला लागतात.

पहिल्या पॅथॉलॉजिस्टने खात्रीने सांगायचं टाळलं आणि काचा मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवल्या. मग अठराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं: व्रणातून पुन्हा उगवलेला साधा तीळ वाटतो; आधीचा नमुना उपलब्ध नसल्यामुळे काही काळ तपासणी चालू ठेवावी. मावशीने पहिली ओळ वाचली आणि पेढे आणले. डॉक्टरांनी दुसरी वाचली आणि दर सहा महिन्यांची तारीख दिली. ती दोन वर्षं इमानाने येते आहे. येताना माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणते, त्यामुळे माझी तक्रार नाही.

यात लेझरचा दोष काढणं सोपं आहे आणि तो खरा नाही. ओळखीचा, वर्षानुवर्षं न बदललेला, वर आलेला साधा तीळ तज्ज्ञाने भिंगातून पाहून, खात्री करून कार्बन डायऑक्साइड लेझरने काढला तर काम सुबक होतं. तीळ आवडत नाही म्हणून काढावासा वाटण्यातही वावगं काही नाही. चेहरा आपला आहे. आधी पात्याने तासून तो तुकडा तपासणीला पाठवायचा आणि उरलेला तळ लेझरने सारखा करायचा, असंही अनेक डॉक्टर करतात. मावशीच्या डॉक्टरबाईही एरवी तेच करतात. नवा उगवलेला, वाढणारा, दोन अर्धी न जुळणारा, कड तुटलेला, एकाहून जास्त रंगांचा, खाजणारा किंवा रक्त येणारा तीळ असेल तर त्या लेझरचं बटणच दाबत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये यांतली काही लक्षणं ए-बी-सी-डी अशी पाठ करण्याजोगी करून ठेवली होती. ती कुणालाही आरशात बघून तपासता येतात. पाठीसाठी आणि तळपायासाठी घरातलं माणूस लागतं.

पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. त्यांच्या लेझरने आज कारखान्यांत पत्रे कापतात, लाकडावर नावं कोरतात. गेल्या दिवाळीत आमच्या ऑफिसने सगळ्यांना दिलेल्या लाकडी पेनस्टँडवर माझं नावही बहुधा त्यानेच कोरलेलं आहे, आडनावात एक काना कमी.

मावशीचा तीळ पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आहे. फॉर्मॅलिनमधून काढून तो मेणाच्या एका छोट्या चौकोनात बसवला, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतले, म्हणजे पटेलांच्या लेझरच्या एका लाटेच्या निम्म्याहून पातळ, आणि ते गुलाबी-जांभळे रंगवून काचेवर लावले. मुंबईहून काचा परत आल्या तेव्हा त्या द्यायला मी गेले होते. काउंटरवरच्या मुलाने मेणाचा चौकोन दाखवला. त्याच्या मधोमध तिळाएवढा काळपट ठिपका, कडेला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. त्याने तो इतरांच्या रांगेत ठेवून ड्रॉवर बंद केला.